मर्यादा पाइपला की ओढ्याला?

पहिला जोराचा पाऊस झाला की दोन गोष्टींचा रंग एक होतो: मेसचा चहा आणि हॉस्टेलमागचा ओढा. चहाबद्दल आपण दरवर्षी भांडतो. ओढ्याबद्दल कुणीच बोलत नाही. "पावसाळ्यात पाणी गढूळ व्हायचंच," एवढं म्हटलं की विषय संपला. मला वाटतं, विषय तिथूनच सुरू व्हायला हवा.

नियम आपल्याकडेही आहेत. नदी-ओढ्यात सोडायच्या सांडपाण्यात सस्पेंडेड सॉलिड्स लिटरला १०० मिलिग्रॅमच्या वर नकोत, ही सर्वसाधारण मर्यादा. आता जरा गणित करू. सेकंदाला १० लिटर पाणी सोडणारा पाइप ही मर्यादा पाळूनही दिवसाला ८६.४ किलो गाळ ओढ्यात टाकू शकतो. असे दहा पाइप असले तर ८६४ किलो. पाइप सगळे पास, नापास फक्त ओढा! आणि उघड्या मातीच्या ढिगाऱ्याला तर पाइपच नसतो. त्याला हा आकडा लावणार कुठे?

अमेरिकेच्या १९७२ च्या क्लीन वॉटर अॅक्टमध्ये याला एक उत्तर आहे. पाइपांवर बंधनं घालूनही जो ओढा सुधारत नाही, त्याला दिवसाला किती सोसेल ते आधी काढायचं. या आकड्याला म्हणतात ‘टोटल मॅक्सिमम डेली लोड’. मग तो पाइप, शेतं, रस्ते यांच्यात वाटायचा आणि थोडा भाग राखून ठेवायचा. आपला फॅक्टर ऑफ सेफ्टीच म्हणा ना! चेसापीक उपसागरासाठी २०१० मध्ये असा हिशोब झाला. सहा राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन मिळून गाळाची मर्यादा ठरली वर्षाला सुमारे २९ लाख टन.

एवढा खटाटोप मातीसाठी? हो. गढूळ पाण्यात उजेड तळापर्यंत पोचत नाही, पाणवनस्पती मरतात. गाळ गोट्यांमधल्या फटी बुजवतो. तिथे राहणारे किडे आणि माशांची अंडी गुदमरतात.

पण आकडा ठरवणं सोपं नाही. व्हर्जिनियातल्या अॅकोटिंक ओढ्याचंच बघा. आजूबाजूला सगळी छपरं, रस्ते आणि पार्किंग. पाऊस मुरत नाही, धावत सुटतो आणि ओढ्याचे काठच खरवडून नेतो. म्हणून तिथल्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, २०११ मध्ये गाळाऐवजी पावसाच्या वाहत्या पाण्यालाच मर्यादा घातली. फेअरफॅक्स काउंटी आणि राज्याचं वाहतूक खातं कोर्टात गेले. जानेवारी २०१३ मध्ये निकाल लागला: पाणी हे प्रदूषक नाही, त्याला अशी मर्यादा घालता येणार नाही. मग नव्याने हिशोब झाला आणि २०१८ मध्ये गाळाचीच मर्यादा मंजूर झाली.

कायद्याच्या भाषेत कोर्ट बरोबर असेल. पण हायड्रॉलिक्स शिकलेल्या कुणालाही विचारा, माती काही आपल्या पायांनी ओढ्यात जात नाही. पाण्याचा वेग तिला नेतो. मर्यादा गाळाच्या वजनात लिहा हवं तर, पण उपाय पाण्याचा वेग कमी करण्याचाच लागेल. नाहीतर आपण नुसतं मोजतच बसू.

आता आपल्या ओढ्याकडे या. नव्या बिल्डिंगच्या पायाची माती काठावर उघडी पडली आहे. पार्किंगचं पाणी सरळ खाली येतं. मेसमागची गटारही तिथेच. विचारलं तर प्रत्येकजण म्हणणार, "आमचं कितीसं?" तेच तर मोजूया! सिव्हिलवाल्यांनी प्रत्येक मोठ्या पावसात वरच्या आणि खालच्या पुलाशी नमुने घ्यावेत, प्रवाह मोजावा आणि दिवसाचा गाळ किलोत काढून नोटीस बोर्डावर लावावा. कॉलेजने ढिगाऱ्याभोवती वाळूच्या गोणी रचाव्यात, उतारावर गवत लावावं आणि पार्किंगच्या खाली पाणी मुरायला एक चर खणावा.

यातलं काहीही आपल्या सिलॅबसबाहेरचं नाही. फक्त परीक्षेत येत नाही, एवढंच.