आबांचा वस्तरा आणि माझी 'बिनपाण्याची' बातमी

मागच्या महिन्यात एका सभेतल्या राड्याची बातमी मी इथे टाकली होती. शीर्षक दिलं होतं, 'विरोधकांनी केली बिनपाण्याने!' लाईक भरपूर आले. संध्याकाळी नानांचा फोन आला. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, वय 78. म्हणाले, "बातमी वाचली. चांगली लिहिलीस. पण बाळा, तुझ्या आज्यानं जन्मभर लोकांची पाण्यानंच केली रे." एवढं बोलून फोन ठेवला.

बऱ्याच जणांना माहीत नसेल, मी नाभिक घरातला. पत्रकारितेत वीस वर्षं झाली, पण हे स्वतःहून कधी लिहिलं नाही. डिप्लोमाला असताना कुणी घरचा धंदा विचारला की 'बिझनेस आहे' म्हणून विषय बदलायचो. आणि आता 'हजामत', 'बिनपाण्याने' हे शब्द मीच मथळ्यात वापरत होतो.

रविवारी माळ्यावरून आबांची धोकटी काढली. आत वाटी, चिमटा, कात्री आणि एक वस्तरा. पातं गंजून तांबूस झालेलं, शिंगाची मूठ सुकलेली. पुसल्यावर पात्यावर ठसा दिसला, 'सोलिंगन'. जर्मनीतलं हे शहर कित्येक शतकं पाती बनवतंय. 1938 पासून तिथे या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, आणि 2012 पासून ते शहर अधिकृतपणे 'पात्यांचं शहर' असं बिरुद लावतं. आपल्याकडे तोच धंदा शिवी झाला.

माझा विचार होता, बाजारात चाकावर धार लावणाऱ्याकडून दोन मिनिटांत करून घेऊ. नाना म्हणाले, "चाकावर धरलास की मेला तो." वस्तऱ्याचं पातं दोन्ही बाजूंनी पोकळ घासलेलं, धारेकडे कागदासारखं पातळ. चाकाच्या उष्णतेनं पोलाद निळं पडतं, त्याला दिलेलं पाणी उतरतं. मग कितीही घासा, धार टिकत नाही.

तीन रविवार गेले. पहिला गंज काढण्यात. तेल आणि वॉटर पेपर, सगळं हातानं, आणि बोट कायम पाठीकडून. नानांनी भिंग लावून धार तपासली. गंजाचे खड्डे पात्याच्या मधोमध होते, धारेपर्यंत पोचले नव्हते. पोचले असते तर तिथे धार तुटत राहिली असती. धारेला बारीक चीर असती तर नानांनी वस्तरा सरळ बाजूला ठेवला असता. मुठीला तेल पाजून आठवडाभर ठेवली.

दुसरा रविवार दगडाचा. नानांचा जुना दगड मधे खोलगट झाला होता, म्हणून मी ऑनलाइन मागवले, हजार, चार हजार आणि आठ हजार नंबरचे. नंबर वाढेल तसा दगड बारीक. वस्तऱ्याला कोन मोजावा लागत नाही. पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकवायची, कोन आपोआप मिळतो. दगडावर धार पुढे ठेवून न्यायची आणि पाठीवरूनच पालटायची. मी जोर लावत होतो. नाना हातावर चापट मारायचे, "वजन त्याचं त्याला आहे. तू नुसता ने." दीड तासानं सगळ्या धारेला सारखी कड आली. माझी मान मोडली, नानांना घामही नव्हता.

तिसऱ्या रविवारी चामड्याचा पट्टा. इथे उलट, पाठ पुढे, धार मागे. चुकलात तर पट्टाही कापला आणि धारही गेली. मग नानांनी वस्तरा माझ्या मनगटावरच्या केसांवरून नेला. केस गळून पडले, कातडीला कळलंही नाही.

मग त्यांनी माझी दाढी केली. आधी गरम पाण्याचा टॉवेल, मग ब्रशनं फेस, मग दोन बोटांनी कातडी ताणून वस्तरा. 46 व्या वर्षी, घरातल्या वस्तऱ्यानं, घरातल्या माणसाकडून पहिल्यांदा.

गैरसमज नको. सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवीन ब्लेड हेच बरोबर. हिपॅटायटिस आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात, एक वस्तरा दहा जणांना चालवायचे दिवस गेले ते चांगलंच झालं. आबांचा वस्तरा फक्त माझ्यापुरता. पण ब्लेड बदलायला लागल्यावर आपण धार लावण्याचं ज्ञानही टाकून दिलं. कात्री, विळा, रंधा, सुताराची पटाशी, यांना आजही धार लागतेच. ती नीट लावणारे किती उरलेत?

17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. 18 व्यवसायांत नाभिक आहेत, सुतार आणि लोहारही आहेत. अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत, प्रशिक्षणात दिवसाला पाचशे रुपये. चांगलं आहे, पात्र असाल तर जरूर घ्या. माझं म्हणणं पुढचं आहे. अवजार दिलं, ते दहा वर्षं टिकवायचं कसं हे कोण शिकवणार? तालुक्याच्या आयटीआयमध्ये महिन्यातून एक दिवस नानांसारख्या माणसाला मानधन देऊन बोलवा. 'लाभार्थी' म्हणून रांगेत नको, 'सर' म्हणून खुर्चीवर बसवा. खर्च फार नाही. पण नाना 78 चे आहेत, हे लक्षात ठेवा.

आणि ज्यांना हा धंदा हलका वाटतो त्यांच्यासाठी एक. 1890 मध्ये मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करणार नाही म्हणून ठराव केला. त्यांना उभं करणारे होते सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे. पोटाचा धंदा बुडेल हे माहीत असून त्यांनी वस्तरा खाली ठेवला. मोठमोठे शिकलेले लोक तेव्हा नुसती चर्चा करत होते.

त्या बातमीचं शीर्षक मी आज बदललंय. पुन्हा ते शब्द तसे वापरणार नाही. तुम्ही वापरू नका असं सांगणारा मी कोण? फक्त वापरताना समोर कोण बसलंय, ते एकदा बघा.

तुमच्या गावात धार लावणारं, अवजार जिवंत ठेवणारं कुणी जुनं माणूस असेल तर मला इनबॉक्स करा. यादी घेऊन आयटीआयच्या प्राचार्यांना भेटणार आहे. सोबत नाना येणार आहेत. त्यांना विचारलंय, "बघू" म्हणालेत. म्हणजे येतील.