आधी निदान, मग नाव

आमच्या समाजात माणसाचे मन बिघडले की कारण सांगणाऱ्यांचा तुटवडा कधीच पडत नाही. तुटवडा पडतो तो तपासणाऱ्यांचा. नांदेड-लातूरकडच्या मुलखात तर दुःखाची कारणे दाराशीच उभी असतात. दुष्काळ, कर्ज, मुलाची परीक्षा, मुलीचे लग्न. आणि ज्यांनी 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट पाहिली त्यांच्यापाशी तो भूकंप. अशा प्रदेशात पन्नाशीची एखादी गृहिणी हळूहळू अबोल झाली, दूध उतू गेले तरी बसून राहू लागली, नेसण्या-नहाण्याची पर्वा तिने सोडली, तर तिच्या थोरल्या जाऊबाई म्हणतात, बाहेरचे काहीतरी लागले आहे. शिकलेला मुलगा म्हणतो, आईने टेन्शन घेतले आहे. शेजारीण म्हणते, हे वयच तसे. तिघांची भाषा निराळी, परंतु चूक एकच. तिघांनीही तपासापूर्वी निकाल दिला.

मेंदूच्या आवरणांतून उगवणारी एक गाठ आहे. अमेरिकन शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग ह्यांनी 1922 मध्ये तिला 'मेनिंजिओमा' हे नाव दिले. बहुधा ती कर्करोगाची नसते. शरीरात इतरत्र पसरत नाही, वर्षानुवर्षे सावकाश वाढते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे दुपटीने आढळते. वैद्यकशास्त्र तिला सौम्य म्हणते. परंतु कवटी ही हाडाची बंद पेटी होय. तिच्यात वाढणाऱ्या वस्तूने सौम्य राहावे तरी कसे? ही गाठ कपाळामागच्या भागात वाढली म्हणजे हातपाय चालतात, वाचा शाबूत राहते, आणि माणूस मात्र बदलत जातो. कारण उत्साह, संकोच आणि पुढचा विचार ह्यांचे नियमन बव्हंशी तेथूनच होते. कोणी उदास होतो, कोणी चारचौघांत भलतेच बोलू लागतो. आप्तांना दिसतो तो स्वभाव. आत वाढत असतो तो दाब.

देवऋष्यावर टीका करणे आता सोपे झाले आहे. भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला बांधून मारणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास मनाई आहे. हे कायदे आम्हांस शिरोधार्य आहेत. परंतु अंगाऱ्याला हसणारा सुशिक्षित गृहस्थ जेव्हा आईच्या बदललेल्या स्वभावाला 'टेन्शन' म्हणून मोकळा होतो, तेव्हा त्याने अंगाराच लावलेला असतो. फक्त तो इंग्रजी पुडीतला. त्याच्या अंधश्रद्धेवर कोणताही कायदा चालणार नाही.

ह्यावर कोणी विचारील, मग काय प्रत्येक उदास माणसाचे डोके यंत्राखाली घालावे? मुळीच नव्हे. मनोविकारांच्या मुळाशी अशी गाठ क्वचितच सापडते, आणि भीती दाखवून नाहक तपासण्या विकणाऱ्यांची वकिली आम्हांस करावयाची नाही. तथापि काही खुणा अशा आहेत की त्यांकडे पाठ फिरवणे हा अपराधच ठरेल. ज्याला आयुष्यात कधी मनोविकार झाला नाही त्याचा स्वभाव चाळिशी-पन्नाशीनंतर पालटत जाणे, पहाटेची डोकेदुखी व तीसह उलटी, दृष्टी मंदावणे, प्रथमच आलेले फेफरे, एका बाजूचा अशक्तपणा, नकळत कपड्यांत लघवी होणे, फोडणी करपली तरी वास न येणे. ह्यांतले काही उदासीनतेच्या जोडीला असेल, किंवा नीट दिलेल्या औषधानेही दुखणे वाढतच असेल, तर मेंदूची तपासणी व्हावयास हवी.

पूर्वी अज्ञान क्षम्य होते. माणसाच्या मेंदूचा सीटी स्कॅन प्रथम काढला गेला तो 1971 मध्ये, लंडनला. आज तो जिल्ह्याच्या गावी होतो. नांदेडजवळ विष्णुपुरीला आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. शस्त्रक्रियेसाठी हैदराबाद, सोलापूर वा पुणे गाठावे लागले, तरी तो रस्ता आमच्या लोकांना अपरिचित नाही. अडचण रस्त्याची नसून पहिल्या पावलाची आहे. आणि विलंबाची किंमत जबर असते. वेळीच गाठ काढली तर हरवलेले माणूस पुष्कळदा घरी परत येते. पण दाबाने दृष्टीची शीर सुकली की शस्त्रक्रिया कितीही यशस्वी होवो, गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. गाठ सापडली की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात: 'वेड नव्हते हो, गाठ होती!' जणू वेड हा कलंक आणि गाठ ही प्रतिष्ठा! ज्यांच्या मेंदूत गाठ नाही त्यांचे दुखणेही तितकेच खरे आहे, आणि मनोविकारतज्ज्ञाच्या दाराशी जाण्यात त्यांनी लाज का वाटून घ्यावी? आमचे म्हणणे एवढेच, की कारण सापडल्याचे समाधान हा निदानाचा मोठा शत्रू आहे. ज्या घरातली आई पूर्वीसारखी राहिली नाही, त्या घराने तिला नावे ठेवण्यापूर्वी आणि तिच्या दुखण्याला नाव देण्यापूर्वी एकदा तिला वैद्यापुढे बसवावे. ती स्वतः हे सांगणार नाही. सांगण्याची शक्तीच त्या गाठीने तिच्यापासून हिरावली असेल.