शिवपादशेखराचा धर्म कोणता?

आपल्या पूर्वजांची गाथा पडद्यावर पाहण्यासाठी एखाद्या समाजाने किती वर्षे वाट पाहावी? तमिळ समाजाने ती सात दशके पाहिली. 'कल्की' या नावाने लिहिणारे रा. कृष्णमूर्ती हे स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगलेले साहित्यिक. १९५० साली त्यांनी आपल्या साप्ताहिकातून 'पोन्नियिन सेल्वन', म्हणजे कावेरीचा पुत्र, ही चोळ राजवंशावरील कादंबरी क्रमशः लिहावयास घेतली. घरोघरी तिची पारायणे झाली. १९५८ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तिच्यावर चित्रपट करण्याची घोषणा केली, पण तो संकल्प सिद्धीस गेला नाही. पुढे कमल हासन यांनी ध्यास घेतला, तोही अपुराच राहिला. मणिरत्नम यांनाही अवाढव्य खर्चापायी एकदा माघार घ्यावी लागली.

अखेर २०१९ च्या डिसेंबरात थायलंडमध्ये चित्रीकरणास प्रारंभ झाला. लगोलग कोरोनाचे संकट कोसळले आणि सारे ठप्प झाले. तरीही दिग्दर्शकाने हातातले काम सोडले नाही. दोन्ही भागांचे चित्रीकरण एकत्रच पूर्ण करून पहिला भाग ३० सप्टेंबर २०२२ रोजी आणि दुसरा २८ एप्रिल २०२३ रोजी प्रदर्शित झाला. चोळांचे वैभव उभे करण्यासाठी ओरछाचे प्राचीन वास्तुवैभव निवडले गेले, तसेच पुण्यश्लोक अहल्याबाईंच्या महेश्वरातही चित्रीकरण झाले. कावेरीची कथा नर्मदेच्या तीरावर साकारली आणि ती कोणालाही परकी वाटली नाही, ही गोष्ट सहज घडली असली तरी अर्थपूर्ण आहे. ७० व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटासह चार पुरस्कार पहिल्या भागाच्या वाट्याला आले.

चित्रपट युद्धपट आहे. तलवारी, घोडदळ, वादळात सापडलेली जहाजे यांची त्यात रेलचेल आहे. कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे. नंदिनी हे पात्र कल्कींच्या प्रतिभेचे अपत्य आहे. मात्र युवराज आदित्य करिकालाची हत्या ही शिलालेखाने नोंदविलेली घटना आहे. पहिल्या भागाच्या आरंभीच चोळ आणि राष्ट्रकूट यांची झुंज दिसते. त्यामागेही इतिहास आहे. इ. स. ९४९ मध्ये तक्कोलमच्या रणात राष्ट्रकूटांशी लढताना चोळ युवराज राजादित्य धारातीर्थी पडला होता. ज्या राष्ट्रकूट कुळाने वेरूळचे कैलास लेणे कोरविले, त्याच कुळाशी तंजावरचे बृहदीश्वर मंदिर उभारणाऱ्या कुळाचे हे वैर. राज्ये परस्परांशी झुंजत होती, पण दोघांचेही मस्तक नमत होते ते एकाच महादेवापुढे!

चित्रपट प्रदर्शित होऊन आठवडाही लोटला नव्हता, तोच एक वाद उभा करण्यात आला. दिग्दर्शक वेट्रिमारन यांनी, राजराज चोळाला हिंदू ठरविणे म्हणजे तमिळांची प्रतीके हिरावून घेणे होय, असा सूर लावला. कमल हासन यांनी त्यांची पाठराखण केली. त्या काळी हिंदू नावाचा धर्मच नव्हता, शैव होते, वैष्णव होते. हिंदू हे नाव इंग्रजांनी दिले, असा त्यांचा युक्तिवाद.

या युक्तिवादाला उत्तर देण्यासाठी कोणा प्रचारकाची आवश्यकता नाही. स्वतः राजराजानेच ते पाषाणावर कोरून ठेवले आहे. 'शिवपादशेखर', म्हणजे शिवाचे चरण हाच ज्याचा शिरोभूषण तो, हे बिरुद त्याने अभिमानाने धारण केले. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर आपण दिलेले, थोरल्या बहिणीने म्हणजे कुंदवैने दिलेले आणि इतरांनी दिलेले दान कोरून ठेवावे, अशी त्याची आज्ञा आहे. याच राजाने नागपट्टणच्या बौद्ध विहाराला एक गाव अर्पण केले. स्वतःच्या इष्टदेवतेवर अढळ निष्ठा आणि दुसऱ्याच्या उपासनेला मुक्तहस्ते साहाय्य, या वृत्तीला हिंदू म्हणावयाचे नाही, तर काय म्हणावयाचे?

राहता राहिला नावाचा प्रश्न. चौदाव्या शतकात विजयनगरचा बुक्कराय 'हिंदुरायसुरत्राण' म्हणवून घेत होता. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथ महाराजांनी 'हिंदु-तुर्क संवाद' लिहिला. तेव्हा इंग्रजांचे राज्य कोठे होते? शैव आणि वैष्णव यांच्यातील भेद कल्कींनाही ठाऊक होता. त्यांचा आळ्वारकडियान हा कट्टर वैष्णव दिसेल त्या शैवाशी हुज्जत घालतो, पण चोळ राज्यावर संकट येताच त्याच राज्याचा हेर म्हणून जिवाचे रान करतो. भावाभावांतील भांडणाला दोन घरांची वाटणी समजणारे विद्वान ही कादंबरी पुन्हा एकवार वाचतील, तर बरे!

परंतु हा दोष केवळ द्रविडवाद्यांच्या माथी मारून मोकळे होणे योग्य नव्हे. राजराज आपला म्हणणाऱ्या उर्वरित भारताने त्याला कितीसे जाणून घेतले आहे? त्याच्या प्रशासनाची, जलव्यवस्थेची, आरमाराची माहिती किती सुशिक्षितांना असते? राजराजापुढे गायिली गेलेली तेवारम ही स्तोत्रे आपल्यापैकी किती जणांनी ऐकली आहेत? तमिळ भाषेचा मान राखल्याविना तमिळ राजावर हक्क सांगणे म्हणजे नाते जोडण्याआधीच वारसा मागणे होय. आपलेपणा घोषणांनी सिद्ध होत नाही, तो परिचयाने आणि आदराने सिद्ध होतो.

मराठी माणसाला या परिचयासाठी दूर जावयाचे कारणच नाही. व्यंकोजी राजांनी स्थापिलेले तंजावरचे भोसले राज्य १८५५ पर्यंत टिकले. त्या राजांनी तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी या चारही भाषांच्या विद्येला आश्रय दिला; सरस्वती महाल ग्रंथालय आजही त्याची साक्ष देत उभे आहे. १८०३ मध्ये सरफोजी राजांनी भोसले कुळाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरविला, तो राजराजाने उभारलेल्या त्याच बृहदीश्वराच्या भिंतीवर! एकाच मंदिराच्या दगडावर चोळांची तमिळ आणि भोसल्यांची मराठी गेली दोन शतके शेजारी नांदत आहेत. शिवपादशेखराचा धर्म कोणता, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी तंजावरला जाऊन त्या भिंतीपुढे क्षणभर उभे राहावे.