संघ सोडताना धरावयाचा हिशेब

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



ऊस विकास खात्याने बेणे, खते, पाणी आणि तोडणी यांवर लिहावे अशी आपली अपेक्षा असते, आणि ती योग्यच आहे. यावेळी मात्र थोडा वेगळा विषय घेतला आहे. ब्रिटन हा देश ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडला. यालाच वर्तमानपत्रांत ब्रेक्झिट म्हणतात. गटसभांतून फिरताना तरुण सभासद अधूनमधून विचारतात, "साहेब, ब्रिटन मोकळा झाला, मग आपली साखर तिकडं जायला वाट झाली न्हवं?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

प्रथम मागचा इतिहास पाहू. ब्रिटनमध्ये ऊस पिकत नाही. तिथे बीटापासून साखर होते आणि बाकीची गरज पूर्वीपासून उसाच्या कच्च्या साखरेवर भागविली जाई. त्यासाठी १९५१ मध्ये राष्ट्रकुल देशांबरोबर साखर करार झाला. किती साखर घ्यायची आणि काय भावाने घ्यायची हे आधीच ठरलेले असे. पुढे भारतही या करारात आला. १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारपेठेत शिरला आणि हा जुना करार १९७४ अखेर संपला. मग ऊस पिकविणाऱ्या देशांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. त्यावर १९७५ मध्ये युरोपने या देशांशी नवा करार केला व हमीभावाने ठराविक साखर घेण्याचे मान्य केले. त्यात भारताच्या वाट्याला २५,००० टनांचा कोटा आला.

या कोट्याचे पुढे काय झाले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९७९-८० साली देशात दुष्काळ पडला. आदल्या हंगामात ५८ लाख टनांवर असलेले साखर उत्पादन ३९ लाख टनांच्या आसपास आले. घरातच साखरेची ओढ, तिथे बाहेर कुठून देणार? ठरलेला माल आपण पोचवू शकलो नाही. करारात अशी अट होती, की जो देश माल देणार नाही त्याचा कोटा कमी होईल. त्याप्रमाणे १९८१ मध्ये आपला कोटा काढून घेतला गेला. नंतर बोलणी होऊन तो परत मिळाला, पण २५,००० चा १०,००० टन होऊन. एकदा चुकलेली पाळी पुन्हा पहिल्यासारखी मिळत नाही, हे पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यास वेगळे सांगायला नको.

आता ब्रेक्झिट. एकत्र कुटुंबाची वाटणी होते तेव्हा जमीन, विहीर, बैल, भांडीकुंडी यांच्याबरोबर देणी-घेणीही वाटून घ्यावी लागतात. युरोपने बाहेरच्या देशांना दिलेल्या कोट्यांचीही अशीच वाटणी झाली. आपल्या १०,००० टनांपैकी युरोपीय संघाकडे ५,८४१ टन राहिले आणि उरलेला भाग ब्रिटनच्या नावे लागला. विहीर तेवढीच, फक्त सातबारे दोन झाले. त्यात आपल्याला जादा असे काही मिळाले नाही.

या आकड्यांचा आवाका पाहा. दररोज ५,००० टन गाळप करणारा कारखाना १२ टक्के उताऱ्याने दिवसाला ६०० टन साखर काढतो. म्हणजे साऱ्या देशाचा १०,००० टनांचा कोटा ही अशा एका कारखान्याची सतरा दिवसांची साखर. युरोपकडे राहिलेला कोटा तर दहा दिवसही पुरत नाही. तेव्हा ब्रेक्झिटने आपला फायदा झाला नाही आणि नुकसानही झाले नाही, हे त्या तरुण सभासदांना माझे पहिले उत्तर.

दुसरे उत्तर थोडे कडू आहे. ब्रिटन मोकळा झाल्यावर त्याने १ जानेवारी २०२१ पासून २,६०,००० टन कच्ची साखर जकातीशिवाय आत घेण्याची सोय केली. ही सोय कोणा एका देशासाठी नव्हती. जो स्वस्त देईल त्याची साखर जावी, असा प्रकार. अशा शर्यतीत ब्राझीलपुढे टिकणे सोपे नाही. पुढे २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करारावर सह्या झाल्या. कापड, चामड्याच्या वस्तू, मासळी अशा पुष्कळ मालावरील जकात ब्रिटनने उठविण्याचे कबूल केले. कोल्हापुरी चपलेच्या धंद्याला त्याचा उपयोग होऊ शकेल. साखर मात्र त्यांनी सवलतीतून बाहेर ठेवली. कारण उघड आहे. त्यांचे बीट उत्पादक शेतकरी आहेत, त्यांना सांभाळायचे आहे. त्यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. आपणही आपल्या बाजूने दूधदुभते सवलतीबाहेर ठेवले आहे. दार एकत्र कुटुंबाचे असो वा वेगळे निघालेल्या भावाचे, साखरेच्या बाबतीत ते सहजी उघडत नाही.

मग खुद्द ब्रिटनला काय मिळाले? दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. युरोपीय संघाला दरवर्षी वर्गणी द्यावी लागे. परत मिळणारा पैसा वजा जाता ती ८ ते ९ अब्ज पौंडांच्या घरात होती, ती वाचली. कायदे आपल्या पार्लमेंटात करण्याचा, कोणाशीही परस्पर करार करण्याचा अधिकार मिळाला. जून २०१६ च्या सार्वमतात जवळजवळ ५२ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले, ते सगळे अडाणी होते असे म्हणणे बरे नव्हे. आपला कारभार लांबच्या गावी बसून दुसरेच लोक करतात, आपले कोणी ऐकत नाही, ही त्यांची तक्रार खरी होती.

पण खर्चाची बाजूही मोठी आहे. सार्वमताच्या निकालाच्या दिवशीच पौंडाचा भाव डॉलरच्या तुलनेत सुमारे आठ टक्क्यांनी कोसळला. संघ सोडताना जुन्या देण्यापोटी ३५ ते ३९ अब्ज पौंड मोजावे लागतील, असा अंदाज सरकारनेच दिला होता. जो माल पूर्वी ट्रकमध्ये भरून सरळ पलीकडे जाई, त्याला आता जकातीचे कागद, आरोग्याचा दाखला, तपासणी अशी रांग लागली. मोठ्या कंपन्यांनी त्यासाठी माणसे नेमली. लहान व्यापाऱ्याला ते झेपेना. बाहेर पडल्याने देशाची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे चार टक्क्यांनी कमी राहील, असा तेथील अंदाजपत्रक तपासणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाचा अंदाज आहे. घर एका दिवसात पडावे असा हा तोटा नाही. वाळवीसारखा सावकाश लागणारा आहे, म्हणून तो चटकन दिसत नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. तिथल्या स्ट्रॉबेरी, सफरचंद, भाजीपाल्याच्या तोडणीला युरोपातल्या गरीब देशांतून मजूर येत. संघ सुटला तशी ती वाट बंद झाली. मग सरकारला हंगामी मजुरांसाठी वेगळे परवाने काढावे लागले. २०१९ मध्ये २,५०० परवान्यांनी सुरुवात झाली, २०२० मध्ये ते १०,००० आणि २०२१ मध्ये ३०,००० करावे लागले. बीडची टोळी वेळेवर आली नाही तर आपल्याकडे फडात काय अवस्था होते हे आपण जाणताच. उचल देऊन टोळी न आलेल्या वाहतूकदाराला विचारा. माणसांची वाट बंद करणे सोपे असते, पिकाची तोडणी थांबविणे सोपे नसते.

या सगळ्यात तिसऱ्याच घरची माणसे भरडली जातात, तेही पाहण्यासारखे आहे. मॉरिशस बेटावर आपली मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांचे वाडवडील उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेले होते. १९७५ च्या युरोपीय करारात सर्वांत मोठा कोटा, सुमारे पाच लाख टन, या बेटाचा होता. त्या हमीभावावर त्यांचे सगळे अर्थकारण उभे राहिले. २००६ पासून युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरविला आणि २००९ मध्ये तो करारच संपविला. निर्णय दुसऱ्याच्या राजधानीत झाला, पण त्याची झळ बेटावरील फडात बसली. मॉरिशसने मग हातपाय हलविले. मोजकेच कारखाने ठेवले, कच्च्या साखरेऐवजी शुद्ध साखर आणि खास प्रतीच्या साखरांवर भर दिला, बगॅसपासून वीज काढली. हे सगळे त्यांना दाराबाहेर राहण्याची वेळ आल्यावर करावे लागले.

आपल्या निर्यातीचेही खरे दार लंडनला किंवा ब्रुसेल्सला नाही, ते दिल्लीला आहे. २०२१-२२ च्या हंगामात देशातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. १ जून २०२२ पासून निर्यातीवर निर्बंध आले, २०२३-२४ च्या हंगामाला परवानगीच मिळाली नाही आणि २०२४-२५ साठी दहा लाख टनांची मिळाली. देशात साखर महाग होऊ नये ही सरकारची काळजी समजते. पण दोन वर्षांत ११० लाखांवरून शून्यावर येणाऱ्या विक्रेत्यावर कोणते गिऱ्हाईक भरवसा ठेवील? १९८१ चा अनुभव पाठीशी असताना तरी निर्यातीचे धोरण तीन-चार वर्षांसाठी आधी जाहीर व्हावे, दुष्काळी सालासाठी राखीव साठा वेगळा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. साखर संघांनी हा आग्रह धरला पाहिजे.

आता थोडे घरचे बोलतो. आपणही एका संघाचे सभासद आहोत. आपला कारखाना हाच आपला संघ. हंगामात शेजारचा कोणी पहिल्या उचलीला टनामागे पन्नास-शंभर रुपये जादा बोलतो आणि नोंदलेला ऊस रातोरात दुसऱ्या काट्यावर जातो. "माझा ऊस, मी कुठंबी घालीन," असे सभासद म्हणतो. म्हणू द्या, पण हिशेब पुरता धरा. एक तर ती उचल पहिली आहे की शेवटची, ते पाहा. दुसरे, पुढच्या साली ऊस उदंड झाला म्हणजे तो शेजारी तुमच्या खोडव्याला वेळेवर तोड देणार आहे काय? बेणे मळ्यातील शुद्ध बेणे, लागणीची नोंद, तोडीची पाळी, माती तपासणी, ही सगळी सोय कुठून येणार? आणि तिसरे, कारखान्याचे कर्ज, व्याज, पगार हे गाळप कमी झाले म्हणून कमी होत नाहीत. ऊस कमी आला की तोच बोजा राहिलेल्या टनांवर पडतो, म्हणजे शेवटी भाऊबंदांच्याच दरावर पडतो.

हे एकतर्फी सांगून चालणार नाही. ब्रिटनच्या लोकांची तक्रार जशी खरी होती, तशी सभासदाचीही असू शकते. कायद्याने ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. काटा चोख पाहिजे. तोडीची पाळी वशिल्याने पुढेमागे होता कामा नये. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,५५० रुपये असा किमान दर सरकारने ठरविला आहे, त्यावर आणखी किती देता येते आणि का देता येत नाही, हे व्यवस्थापनाने सभासदापुढे आकड्यानिशी मांडले पाहिजे. जो संघ आपल्या माणसाचे ऐकत नाही, त्याला सोडून जाणाऱ्यास नावे ठेवण्याचा अधिकार उरत नाही. पण ऐकवून घेण्याची जागा वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. तिथे उभे राहून विचारा, इतिवृत्तात नोंद करायला लावा. सभेला यायचे नाही आणि हंगामात ऊस मात्र दुसरीकडे घालायचा, यात कारखान्याचेही नुकसान आणि आपलेही.

संघात राहावे की नाही, हा प्रश्न कायम विचारला गेलाच पाहिजे. भारतानेही ४ नोव्हेंबर २०१९ रोजी आशियातील आरसेप या मोठ्या व्यापारी करारात न शिरण्याचा निर्णय घेतला. न्यूझीलंडच्या दूध भुकटीपुढे आपल्या एक-दोन म्हशीवाल्याचा टिकाव लागणार नाही, ही भीती त्यामागे होती, आणि रोज सकाळी डेअरीला दूध घालणाऱ्या आपल्या घरांना ती पटण्यासारखी होती. पण तो निर्णय दारात उभे राहून, आत जाण्यापूर्वी झाला. आत जाऊन सत्तेचाळीस वर्षे संसार केल्यावर बाहेर पडणे ही वेगळी गोष्ट आहे. तिथे मुळे गुंतलेली असतात, आणि खोडवा उपटताना मातीही निघते.

म्हणून विनंती एवढीच. येत्या हंगामात नोंदलेल्या उसाविषयी काही शंका असेल, दराविषयी नाराजी असेल, तर ऊस दुसरीकडे घालण्यापूर्वी एकदा गट कार्यालयात या. कागद-पेन्सिल घेऊन आपण दोन्ही बाजूंचा हिशेब समोरासमोर मांडू. त्यानंतर जो निर्णय घ्याल तो तुमचा.