मिऱ्याचे गुण आणि मिऱ्याचा बाजार

महाराष्ट्रातील अनेक घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकाला मिरची चालत नाही. तिखटपणा हवाच असेल तर तो मिरपुडीने आणावयाचा, असा दंडक आहे. हा नियम धर्माचा म्हणून पाळला जातो. वस्तुतः त्यात इतिहासाची एक नोंद राहून गेली आहे. मिरची ही अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आलेली पाहुणी. तिचे या भूमीतील वास्तव्य जेमतेम चारपाचशे वर्षांचे. तत्पूर्वी इथल्या स्वयंपाकात तिखट म्हणजे मुख्यतः मिरी, पिंपळी आणि आले-सुंठ. नवी पाहुणी आली ती नावसुद्धा ‘मरिच’ या जुन्या शब्दावरून उसने घेऊन, आणि पाहता पाहता तिने यजमानालाच पंक्तीतून उठविले. पितरांच्या पानापुरता मात्र जुना पाहुणचार टिकून राहिला.

यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. मिरची कोणत्याही परसात, एका हंगामात येते. मिरवेलीला दमट हवा, सावली, निचऱ्याची जमीन आणि आधाराला झाड लागते. स्वस्त पदार्थाने महाग पदार्थाची जागा घेतली, इतकाच त्याचा अर्थ. मिरे राहिले ते मठ्ठ्यात, बाळंतिणीच्या पथ्याच्या जेवणात, मसाल्याच्या डब्यातील एका कोपऱ्यात आणि पडसे-खोकल्याच्या काढ्यात. २०२० च्या एप्रिलमध्ये केंद्र शासनाच्या आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा घेण्याची शिफारस केली, तेव्हा विस्मरणात गेलेला हा पदार्थ एकाएकी घरोघर पुन्हा कुटला जाऊ लागला. त्याबरोबर त्याच्या गुणांविषयी वाटेल ते दावेही कानांवर येऊ लागले. मिऱ्याने हा रोग जातो, तो रोग जातो, असे सांगणाऱ्यांची आजही वाण नाही. म्हणून प्रथम गुणांचाच विचार नीट करावा. पुढे जो बाजाराचा प्रश्न मांडावयाचा आहे, त्याचे मूळ या गुणांतच आहे.

मिऱ्यामध्ये दोन वेगवेगळी द्रव्ये आपापली कामे करीत असतात. तिखटपणा असतो तो पायपरीन या द्रव्याचा. डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांनी ते १८१९ साली वेगळे काढले. विजेच्या प्रवाहाचा चुंबकसूचीवर परिणाम होतो हे पुढच्याच वर्षी दाखवून देणारे ओर्स्टेड ते हेच. सुगंध असतो तो मात्र उडून जाणाऱ्या तेलाचा. पायपरीन उकळण्याने सहसा जात नाही. तेल वाफेबरोबर निघून जाते. म्हणून रश्श्यात आरंभीच टाकलेली मिरपूड तिखट लागते पण तिचा वास येत नाही, आणि ताटात वरून घातलेली पूड दोन्ही देते. अख्खे मिरे नीट वाळलेले असेल तर कोरड्या जागी वर्षानुवर्षे टिकते. तेच दळून ठेवले की काही आठवड्यांत त्याचा सुगंध विरतो. शिवाय पायपरीनला प्रकाश सोसत नाही. उजेडात त्याच्या रेणूची रचना बदलते आणि तिखटपणा उतरतो. खिडकीपाशी काचेच्या बरणीत मिरपूड सजवून ठेवणाऱ्या गृहिणीपेक्षा पत्र्याच्या डब्यात अख्खी मिरी ठेवणारी आजी, ठाऊक नसताना का होईना, अधिक शास्त्रशुद्ध वागत होती.

औषधी गुणांबाबत सर्वांत महत्त्वाचा धागा आयुर्वेदाने फार पूर्वी हाती धरला होता. सुंठ, मिरे आणि पिंपळी मिळून झालेले त्रिकटू हे असंख्य कल्पांत इतर औषधांच्या जोडीला येते. ही जोडी कशासाठी, याचे एक उत्तर बंगलोरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातून १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मिळाले. हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य नुसते पोटात घेतले तर रक्तात जवळजवळ उतरत नाही. दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर वीस मिलिग्रॅम पायपरीन दिले असता त्या प्रयोगातील माणसांच्या शरीरात त्याची उपलब्धता वीस पटींनी वाढलेली दिसली. आतड्यात व यकृतात परक्या द्रव्यांची विल्हेवाट लावणारी जी विकरे असतात, त्यांना पायपरीन काही काळ रोखून धरते. थोडक्यात, मिरे स्वतः लढण्यापेक्षा दुसऱ्याला वाट मोकळी करून देते. हळद घातलेल्या दुधात मिरपुडीची चिमूट टाकण्याच्या रीतीला यातून आधार मिळतो, हे खरे. परंतु जो पहारेकरी हळदीसाठी झोपतो तो इतरांसाठीही झोपतो. अपस्माराच्या फेनिटॉईनसारख्या किंवा रक्तदाबाच्या प्रोप्रॅनॉलॉलसारख्या औषधांची रक्तातील पातळीही पायपरीनमुळे वाढू शकते. स्वयंपाकातील चिमटीने भिण्याचे कारण नाही. अर्काच्या गोळ्या घेणाऱ्याने मात्र वैद्याला विचारल्यावाचून राहू नये. गुणकारी पदार्थ कितीही घेतला तरी निरुपद्रवी, ही समजूत मिऱ्याइतकी दुसऱ्या कोणी खोटी पाडली नसेल.

आता बाजाराकडे वळावे. ज्या वस्तूचे सारे मोल डोळ्यांना न दिसणाऱ्या द्रव्यांत आहे, तिच्या बाजारात विक्रेत्याला जे ठाऊक असते ते ग्राहकाला ठाऊक नसते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, अशा ठिकाणी ग्राहक सरासरी दर्जाचाच भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या मालाच्या धन्याला परवडत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो आणि उरतो तो हिणकस माल. २००१ चे नोबेल पारितोषिक त्यांना या विचाराबद्दल मिळाले. मोटारींच्या जागी मिरपूड ठेवली तर सिद्धान्तात एका अक्षराचाही फरक करावा लागत नाही.

पपईच्या वाळलेल्या बिया मिऱ्यांत मिसळतात, हे आता शाळकरी मुलांनाही माहीत आहे. पाण्यात टाकल्यावर मिरे बुडते आणि पपईचे बी तरंगते, ही परीक्षाही पाठ्यपुस्तकी झाली आहे. तीत एक अडचण अशी की, नीट न भरलेले पोचट मिरेही तरंगते; तरंगणारा प्रत्येक दाणा पपईचा नसतो. परंतु ही परीक्षा निदान अख्ख्या दाण्यांना लागू आहे. पुडीला ती लावणार कशी? मोठ्या व्यापाराची स्थिती याहून बरी आहे, असे समजण्याचेही कारण नाही. २०१२ च्या अखेरीस कोची येथील गोदामांतील, वायदेबाजारात सुपूर्त करण्यासाठी ठेवलेली सहा हजार टनांहून अधिक मिरी अन्नसुरक्षा यंत्रणेने सीलबंद केली. दाण्यांना खनिज तेलाचा हात लावलेला असल्याचा संशय होता. तेल लावल्याने दाणा काळाभोर आणि चकचकीत दिसतो, बुरशी झाकली जाते. प्रमाणित म्हणून साठविलेल्या मालाची ही गत, तर किराणा दुकानातील सुट्या पुडीविषयी काय बोलावे!

या व्यवहारात सर्वाधिक नुकसान कोणाचे होते? ग्राहकाचे तर होतेच, पण त्याहून अधिक प्रामाणिक बागायतदाराचे. मिरी तयार करणे म्हणजे केवळ तोडणे नव्हे. घोसातील एखाद-दुसरा दाणा पिवळा-लाल होऊ लागला की तो घोस उतरवावयाचा. दाणे वेगळे करून मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवावयाचे, म्हणजे रंग एकसारखा काळा येतो आणि माती-जंतू जातात. मग स्वच्छ चटईवर तीन ते पाच दिवस उन्हात, ओलावा दहा-अकरा टक्क्यांवर येईपर्यंत वाळवावयाचे. शंभर किलो ओल्या दाण्यांतून सुमारे तेहतीस किलो मिरी हाती लागतात. जो हे सर्व करतो आणि जो शेणाने सारवलेल्या खळ्यात अर्धवट वाळवून पोती भरतो, त्या दोघांनाही गावचा व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घोळवून साधारण एकच भाव सांगतो. उलट ओलसर माल वजनाला जास्त भरतो. चांगले काम करणाऱ्याला दंड आणि चुकाराला बक्षीस, अशी ही रीत आहे.

भावाच्या चढउतारांची कथा याहून निराळी, पण तितकीच बोधक आहे. मिरवेल लावल्यावर तिसऱ्या वर्षी फळ धरू लागते आणि पूर्ण बहरास सातआठ वर्षे घेते. भाव चढले की सगळे लागवड करतात, आणि ती फळाला येते तेव्हा भाव उतरलेले असतात. व्हिएतनामने या शतकाच्या आरंभी भारताला मागे टाकून जगातील पहिला उत्पादक व निर्यातदार हे स्थान मिळविले. २०१५ च्या सुमारास जागतिक बाजारात टनाला नऊ हजार डॉलरांहून अधिक भाव मिळत असताना तेथील शेतकऱ्यांनी कर्जे काढून वेली लावल्या. २०१९ मध्ये भाव अडीच हजारांच्या आसपास आला. कित्येकांनी वेली टाकून दिल्या, उत्पादन घटले, आणि २०२४ मध्ये भाव पुन्हा वर सरकले. भारतातही २०१५ च्या आगेमागे किलोला साडेसहाशे-सातशे रुपये पाहिलेल्या कोचीच्या बाजाराने चारपाच वर्षांत साडेतीनशेही पाहिले.

या घसरणीवर शासनाने जो उपाय योजला, तो अभ्यासण्याजोगा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये किलोला पाचशे रुपये ही किमान आयात किंमत ठरविण्यात आली; मार्च २०१८ मध्ये त्याखालच्या भावाची आयात निषिद्धच करण्यात आली. पाचशेच्या खाली परका माल येणार नाही, म्हणजे देशी मालाचा भावही पाचशेपाशी टिकेल, असा हिशेब. प्रत्यक्षात देशातील भाव साडेतीनशेवर उतरला तो या बंधनानंतर. कारण किमान आयात किंमत ही कागदावरची किंमत असते. मालाचा खरा भाव तीनशे असला तरी बिलावर पाचशे लिहिण्यास हात थरथरत नाही. निर्यातीसाठी प्रक्रिया करण्याकरिता आणलेल्या मालाला बंधनातून सूट होती. त्यातील काही माल देशी बाजारात झिरपतो, तसेच व्हिएतनामची मिरी श्रीलंकेचा दाखला घेऊन सवलतीच्या जकातीत येतात, अशा उत्पादक संघटनांच्या तक्रारी वारंवार होत राहिल्या. यावर आणखी उंच भिंत हा उपाय काहींना सुचतो. परंतु सत्त्व व तेल काढून निर्यात करणारा उद्योग देशात उभा आहे, आणि त्याला कच्चा माल लागतो. त्याचा गळा आवळून बागायतदार तरेल, हे संभवत नाही.

परदेशी मिऱ्यांना अडविण्याचा हा खटाटोप पाहिला की रोमन लेखक प्लिनीची आठवण होते. भारत दरसाल साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, ही त्याची तक्रार. आणि ज्या फळात तिखटपणाखेरीज काहीही नाही त्यासाठी लोक एवढे पैसे का मोजतात, हा त्याचा सवाल. संस्कृतात मिऱ्याला ‘यवनप्रिय’ असेही नाव आहे. ज्या किनाऱ्याकडे साऱ्या जगाची गलबते मिऱ्यांसाठी येत, त्याच किनाऱ्यावर आज मिऱ्यांची आयात रोखण्याचे नियम करावे लागतात!

कोकणच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. गोव्याच्या कुळागरांत आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या बागांत माडा-पोफळीवर मिरवेल चढविण्याची रीत जुनी आहे. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, मिरी अशी मसाल्याची पिके घेण्याची ‘लाखी बाग’ ही कल्पना रुजविली. पन्नियूर-१ ही केरळात तयार झालेली, जगातील पहिली संकरित जात इथेही आली. जलद मर या बुरशीच्या रोगाने पावसाळ्यात वेली बसतात, हे संकट आहे. पण निचरा आणि वेळेवर फवारणी यांनी ते आवाक्यात राहते. माडाच्या सावलीतील या वेलीला वेगळी जमीन लागत नाही. तेव्हा भाव पडला तरी केवळ मिऱ्यांवर विसंबलेल्या शेतकऱ्याइतका कोकणचा बागायतदार बुडत नाही. त्याची खरी अडचण आहे ती आपला माल चांगला असल्याचे सिद्ध करण्याची.

ती दूर करण्यास परदेशी तंत्रज्ञान नको आहे. कृषिमालाच्या प्रतवारीचा कायदा १९३७ चा आहे; त्याखाली ॲगमार्कच्या प्रती ठरलेल्या आहेत; मात्र देशी बाजारात त्या ऐच्छिक आहेत. मिऱ्याची प्रत जोखण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे लिटरमागे वजन. भरदार, नीट वाळलेली मिरी लिटरला पाचशे ग्रॅमच्या वर भरतात. पोचट मिरी बरीच खाली राहतात. जोडीला ओलावामापक यंत्र असले की पुरे. प्रत्येक खरेदी-विक्री संघाने या दोन मापांवर भाव बांधावा, आणि पाकीटबंद मिरपुडीवर प्रत व हंगामाचे वर्ष छापणे सक्तीचे करावे, एवढी मागणी ग्राहक पंचायती आणि बागायतदार संघ यांनी एकत्र येऊन करण्यासारखी आहे. ग्राहकाने स्वतःपुरते करावयाचे ते इतकेच की पूड न घेता अख्खी मिरी घ्यावीत आणि लागतील तेवढीच खलबत्त्यात कुटावीत. आणि तालुक्याच्या बाजारात लिटरभराचे एक पितळी माप व एक तराजू ठेवावयास मंत्रालयातून कोणतीही मंजुरी यावी लागत नाही.