तसबिरीतले नाना आणि कागदातले नाना

नाना फडणीसांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन चित्रं समोरासमोर मांडली जातात. एक जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानं पुण्यात रंगवलेलं: पांढरा पोशाख, उभट कृश चेहरा, शेजारी तरुण पेशवे. दुसरं १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या रंगमंचावर अवतरलेलं, नाटककार तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मधलं: लंपट, लहरी, बायकांमागे धावणारे नाना. मग निकाल ठरलेला असतो. पहिलं अस्सल, कारण वेल्सनं समोर बसवून काढलं. दुसरं बदनामी, कारण तेंडुलकरांनी रचलं. सातारा-वाईकडे हा निकाल जरा जास्तच जिव्हाळ्यानं दिला जातो. नानांचा जन्म १७४२ मध्ये साताऱ्यात झाला, वाडा मेणवलीला, कृष्णेच्या काठी. आपल्या माणसाची बाजू घ्यायची नाही तर कुणाची?

मलाही नानांचीच बाजू घ्यायची आहे, म्हणूनच हा निकाल मला मान्य नाही.

आधी वेल्स. तो पुण्यात आला तो इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या आश्रयानं. टिपूविरुद्ध पेशवे आणि कंपनी यांचा १७९० मध्ये तह झाला होता आणि त्या दरबाराचं भव्य चित्र मॅलेटला हवं होतं. वेल्सनं तयारी केली, पण १७९५ मध्ये तो वारला. मग टॉमस डॅनियलनं ते चित्र १८०५ मध्ये विलायतेत पुरं केलं, तेव्हा नानांना जाऊन पाच वर्षं झाली होती. दरम्यान वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशी मॅलेटनं लग्नही केलं. म्हणजे मामला किती घरगुती होता बघा. पेशवे सवाई माधवराव आणि नाना एकत्र असलेलं जे चित्र आपण नानांचं म्हणून ओळखतो ते १७९२ चं, आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. पुढे छापील तसबिरी निघाल्या आणि नानांचं हे दरबारी रूप मराठी घरांतल्या भिंतींवर आलं. त्याखाली 'मॅलेटच्या सौजन्यानं' असं कुणी छापलं नाही.

वेल्सचा हात सच्चा होता, याबद्दल वाद नाही. पण त्यानं काय काढलं नाही, तेही पाहावं. १७९१ च्या ऑगस्टअखेर पुण्यात घाशीराम कोतवालाला जमावानं दगडांनी ठेचून मारलं. त्यानं परप्रांतातून आलेल्या ब्राह्मणांना एका कोंदट जागेत कोंडलं होतं, त्यातले बरेच गुदमरून मेले. शहर खवळलं आणि नानांनी कोतवाल जमावाच्या हवाली केला. ही हकीकत मॅलेटनंच आपल्या वरिष्ठांना कळवली. त्यानंतर वर्षभराच्या आत-बाहेर वेल्स रंग कालवत होता. नानांच्या चेहऱ्यावर त्या ऑगस्टची एक रेघही नाही. कशी असेल? पेशव्यांच्या दरबारातली बैठक होती ती, चौकशीची जागा नव्हती.

तेंडुलकरांवरचा आक्षेप मात्र अगदीच फोल नाही. घाशीरामानं मुलीच्या बदल्यात कोतवाली मिळवली, याला ऐतिहासिक आधार नाही. तो सौदा नाटककाराचा. नाटक ऐतिहासिक नाही, असं तेंडुलकरांनीच सांगितलं होतं. त्यांना दाखवायचं होतं ते वेगळंच: सत्ता आपल्या सोयीसाठी गुंड कसा पोसते आणि अंगाशी आलं की त्याला कसा वाऱ्यावर सोडते. याच मुद्द्यावर नाटक इतिहासाच्या सगळ्यात जवळ जातं, आणि रागावलेले लोक नेमका तोच मुद्दा वगळून मुलीच्या सौद्यावर बोट ठेवतात. कोतवाल नेमला कुणी? इतकी वर्षं चालू कुणी दिला? त्याच्याविरुद्धचा बोभाटा कानावर येत नव्हता असं म्हणावं, तर ज्याच्या बातमीदारांना दिल्लीपासून श्रीरंगपट्टणापर्यंतचं कळत होतं त्याला आपल्याच शहरातल्या पेठांतलं कळत नव्हतं, असं म्हणावं लागेल. ही नानांची बाजू घेणं झालं की त्यांची टवाळी?

मूळ संस्थेनं एकोणीस प्रयोगांनंतर नाटक बंद केलं, कलावंतांनी थिएटर ॲकॅडमी काढून ते पुन्हा उभं केलं, हा सगळा इतिहास जगजाहीर आहे. त्या भांडणात एका साक्षीदाराला कुणी विचारलंच नाही. खुद्द नानांना.

नानांनी आत्मवृत्त लिहिलं आहे. आटोपशीर आहे, पानिपताच्या आसपास संपतं. १८२९ मध्ये ब्रिग्जनं केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद लंडनमध्ये छापलाही गेला. लहानपणी देवपूजेत रमणारा मुलगा, मग वयात आल्यावर मनाला घेरणारी कामवासना आणि तिच्यापुढे आपण कसे कमी पडलो, हे नाना कुणी न विचारता सांगतात. पानिपतावर ते एकोणिसाव्या वर्षात होते. लढाई मोडल्यावर अंगावरचे कपडे टाकून, पायी, जीव वाचवत ते कसे निघाले, हेही त्यांनी लपवलेलं नाही. बायको वाचली, आई त्या धुमाळीत गमावली. पराभवातून पळालेल्या माणसानं स्वतःला शूर रंगवण्याची फार मोठी सोय असते. कारण पाहणारे बहुतेक मेलेले असतात. नानांनी ती सोय वापरली नाही. म्हणजे ज्या गोष्टींचा नुसता उल्लेख झाला तरी आज नानाभक्तांचा चेहरा पडतो, त्यांतल्या दोन तर नानांनी स्वतःच लिहून ठेवल्या आहेत.

इंग्रजांच्या टॉमस मोअरचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. विद्वान, राजाचा चॅन्सेलर, १५३५ मध्ये शिरच्छेद. १५२७ मध्ये होल्बाइननं त्याचं चित्र काढलं: लाल मखमली बाह्या, गळ्यात सोन्याची साखळी, हातात घट्ट धरलेला कागद आणि गालावर दाढीचे खुंट. एवढ्या बड्या माणसाची न केलेली दाढी होल्बाइननं ठेवली आणि मोअरनं ठेवू दिली. पुढे रॉबर्ट बोल्टच्या नाटकानं त्याला विवेकाचा पुतळा केलं आणि २००९ मध्ये हिलरी मँटेलच्या कादंबरीनं त्याच मोअरला पाखंड्यांचा छळ करणारा कठोर माणूस म्हणून उभं केलं. कॅथलिक चर्चनं त्याला संतपद दिलेलं असूनही ते पुस्तक इंग्लंडात विकलं गेलं, वाचलं गेलं, त्यावर भांडणंही झाली. चित्रानं ती भांडणं मिटली नाहीत.

नानांना 'मराठ्यांचा मॅकियाव्हेली' म्हणण्याची टूम मला तसबीर पुढे करण्याहून उथळ वाटते. मॅकियाव्हेलीनं आपला ग्रंथ लिहिला तो नोकरी गेल्यावर, कैद आणि छळ सोसून. नानांनी राजनीतीवर ग्रंथ लिहिला नाही. बारभाईंच्या कारस्थानापासून १८०० पर्यंत त्यांनी ती केली. त्यापेक्षा आपल्या लोकांचं मोजमाप नेमकं होतं. साडेतीन शहाण्यांत सखारामबापू, देवाजीपंत आणि विठ्ठल सुंदर पूर्ण, आणि नाना अर्धे. कारण अक्कल पूर्ण, तलवार नाही. या एका अर्ध्या आकड्यात कौतुक आणि टोमणा दोन्ही बसतात. तसबिरीत एवढं मावत नाही.

मग नानांचं चित्र पाहायचं कुठे? माझं उत्तर एकच: कागदांत. फडणीस तो, लिहिणं हाच त्याचा पराक्रम. इतिहाससंशोधक पारसनीसांनी मेणवलीच्या दप्तरातले कागद मिळवून साताऱ्यात आणले; त्यांच्या हयातीनंतर संग्रहालयातला संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. कृष्णेच्या खालच्या अंगाला, मिरजेत, वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवत होते. त्यांनी १८९२ मध्ये नानांचं चरित्र लिहिलं आणि पुढे पटवर्धनांच्या दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' खंडामागून खंड काढले. खरेशास्त्री नानांचे चाहते होते, हे लपत नाही. पण त्यांनी कागद छापले, आणि कागद चाहत्याचं ऐकत नाहीत.

१७९६ सालच घ्या. सवाई माधवराव आदल्या ऑक्टोबरात गेलेले. वारसाच्या घोळात तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन, ज्यांच्या भरवशावर नानांनी मोहिमा चालवल्या, तेच उलटले. चोपन्न वर्षांचे नाना पुणं सोडून वाईला आले, तिथून घाट उतरून महाडला गेले. हाताशी फौज नव्हती, गादी नव्हती, शिक्काही नव्हता. तिथे बसून त्यांनी पैसा पेरला, निजामाला वळवलं, होळकरांना जोडलं, शिंद्यांना आपल्याकडे ओढलं, आणि वर्ष संपायच्या आत दुसरा बाजीराव गादीवर आणि आपण पुन्हा कारभारात, असा डाव पुरा केला. परशुरामभाऊ कैदेत. या डावात धीर, हिशेब आणि धूर्तपणा होता, शिवाय सूडही होता. आणि ज्या बाजीरावाला आयुष्यभर दूर ठेवलं त्यालाच गादीवर बसवण्याची लाचारीही होती. पुढच्याच वर्षी शिंद्यांनी नानांना धरलं. मॅलेटनं या महाडच्या बैठकीला चित्रकार पाठवला नव्हता आणि तेंडुलकरांना तिचं कारण नव्हतं. मेणवली, मिरज, पुणे या दप्तरांत ती मोडी अक्षरांत पडली आहे. नानांसाठी रस्त्यावर उतरायला लोक लगेच मिळतात. मोडीच्या वर्गात बसायला मात्र बोलवून आणावे लागतात.