एक गाणं, अखेरपर्यंत

गिटार हाती आली की अनेकांची बोटं आधी ‘स्मोक ऑन द वॉटर’कडे वळतात. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रो गावातला कॅसिनो जळाला. त्या आगीवरचं डीप पर्पल या रॉक बँडचं हे गाणं १९७२च्या ‘मशीन हेड’ या अल्बममध्ये आलं. सुरुवातीची सुरावट जेमतेम चार सुरांची, म्हणून ती सोपी वाटते. पण या गाण्यातला गिटारवादक रिची ब्लॅकमोर ती पिकने वाजवत नाही. मधल्या डी आणि जी या दोन तारा तो बोटांनी एकदमच खेचतो. पिक वापरला की एक सूर किंचित मागे पडतो आणि सगळा जोर ओसरतो. सुरांमधल्या रिकाम्या जागाही तितक्याच मोलाच्या. दाब वेळेवर सैल केला नाही, तर सगळं गिचमिड होतं.

बोट कुठं ठेवायचं, हे आता मोबाइल दाखवतो. त्यामुळे सुरुवात पुष्कळांना येते, पूर्ण गाणं मात्र फार थोड्यांना. म्हणून हा अंक आम्ही एकच गाणं अखेरपर्यंत शिकण्याला दिला आहे. भर आहे तो कानावर आणि लयीवर: तबल्याचे बोल आधी तोंडाने म्हणतात, तशी सुरावट आधी गुणगुणायची, मग तारेला हात लावायचा. वेगाच्या कसरतींना आम्ही मुद्दामच जागा दिलेली नाही.

तुम्ही कोणतं गाणं पुरतं बसवलंत, कुठं अडलात, ते आम्हाला जरूर लिहा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.